शिकत्या पोराला जेवणाचा दर लावू नका

भूगोलाची वही तपासायला घेतली होती. सहज मागची पानं उलटली, तर शेवटच्या पानावर पेन्सिलीनं हिशेब मांडलेला. पगार ७,०००. आई ४,०००. पास. रिचार्ज. भिशी. डबा नेला नाही त्या दिवसांचा वडापाव. आणि सगळ्यात खाली, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं, ‘फॉर्म?’

वही बारावीतल्या एका मुलीची होती. ती दिवसभर शर्टांच्या पॅकिंगला जायची. घडी बसावी, कॉलर ताठ राहावी म्हणून शर्टाला टाचण्या लावतात. त्या लावून लावून तिच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक बारीक टोचण्यांनी भरलेलं असायचं, पेन धरताना ती तर्जनी जराशी उचलून धरायची. तो ‘फॉर्म?’ म्हणजे बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म. घरी आईला चार हजार ठरलेले. ते पगाराच्या दिवशी जायचेच. मग प्रश्नचिन्ह पडायचं ते बोर्डाच्या फीवर.

मी मुंबईत रात्रशाळेत तीस वर्षं शिकवलं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कुणी दुकानातून, कुणी वर्कशॉपमधून, कुणी कॅन्टीनमधून थेट वर्गात यायचं. माझे जवळजवळ सगळेच विद्यार्थी कमावते होते, त्यामुळे ‘कमावत्या मुलानं घरात किती द्यावं’ हा प्रश्न माझ्या वर्गात कायमचाच होता. आता तो बऱ्या परिस्थितीतल्या घरांतूनही ऐकू येतो. मुलगा कॉलेज करून शनिवार-रविवार मॉलमध्ये उभा राहतो, मुलगी शिकवण्या घेते, हातात आठ-दहा हजार येतात, आणि आईवडील म्हणतात, आता कमावतोस ना, मग जेवणाखाण्याचे म्हणून काहीतरी घरात टाक. त्याशिवाय पैशाची किंमत कळणार नाही.

माझं म्हणणं असं आहे. शिक्षण चालू आहे तोवर मुलाच्या जेवणाचा आणि राहण्याचा दर ठरवून पैसे घेऊ नयेत. घराला गरज असेल तर मात्र मुलाकडून पैसे जरूर घ्यावेत आणि ते संकोच न करता मागावेत. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. मला ती तशी वाटत नाहीत, कारण या दोहोंतला फरक मी माझ्याच घरात पाहिला आहे.

आमचं घर गिरणगावातलं. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक खानावळ होती. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेले गिरणी कामगार तिथे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. खानावळवाल्या मावशींची वही असायची, आणि तिच्यात खाडे लिहिलेले असायचे. कामगार गावी गेला, दोन दिवस जेवला नाही, की तेवढ्याचे पैसे महिन्याच्या हिशेबातून कमी व्हायचे. अशा बायकांच्या कष्टांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळ हा मानाचा धंदा आहे, मी त्या मावशींच्या हातचं खाऊन वाढले आहे. पण धंद्याला दोन बाजू असतात. दर असतो तसा खाडाही असतो. पैसे देणाऱ्याला भाजी पातळ झाली म्हणून बोलायचा हक्क असतो, रात्री किती वाजता आलास हे त्याला कुणी विचारत नाही आणि पटलं नाही तर तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातो. आपल्या मुलाला जेवणाचा दर लावणाऱ्या आईवडिलांना यातलं काय मान्य आहे? दर हवा, पण मुलानं कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, कुठली शाखा घ्यायची हे सगळं पूर्वीसारखंच आपल्या हातात हवं. मुलाला हे बरोबर कळतं. सतरा वर्षांच्या पोराला अन्यायाचा वास मोठ्यांपेक्षा लवकर येतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. मी तेव्हा नववीत, माझा दादा अकरावीत. दादा आधीपासूनच संध्याकाळी एका ठिकाणी खोकी बांधायला जायचा, चार पैसे मिळवायचा, त्यातून स्वतःची वह्या-पुस्तकं घ्यायचा. संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात घरातली भांडी विकायची वेळ आली तेव्हा एक नातेवाईक बसायला आले आणि दादाला म्हणाले, “कमावता झालास, आता फुकट जेवतोस होय?” त्यांनीच आकडा काढला. महिना दीडशे. आई काही बोलली नाही. दादा हो म्हणाला.

संध्याकाळच्या कामातून दीडशे निघत नव्हते. म्हणून दादानं दिवसपाळी धरली. दिवसपाळी धरली म्हणून कॉलेज सुटलं. त्याला कुणी ‘कॉलेज सोड’ म्हणालं नव्हतं. आमच्या घरात ते वाक्य कधीच उच्चारलं गेलं नाही.

संपात घराला पैसे लागत होते, हे खरंच होतं. दादानं ते दिले यात चूक काहीच नव्हती, आणि आज विचारलं तरी तो हेच सांगेल. चूक आकड्यात होती. वडिलांना पुढे वॉचमनचं काम लागलं, घर हळूहळू सावरलं, पण दीडशे उतरले नाहीत. आई वारल्यावर तिच्या पेटीत घरखर्चाच्या वह्या सापडल्या. दर महिन्याच्या पहिल्या ओळीत दादाचं नाव आणि पुढे १५०. संपातल्या महिन्यांत तेच, वडील पुन्हा पगार आणायला लागल्यावरही तेच, नंतर ते दोनशे झाले. गरज संपली तरी आकडा राहिला, कारण तो गरजेला लावलेलाच नव्हता. तो जेवणाला लावलेला होता, आणि जेवण तर रोजच होतं. संकटापुरतं मागितलेलं देणं संकटाबरोबर संपतं. पोटाला लावलेला दर संपायला काही कारणच उरत नाही. माझी फीसुद्धा त्याच वह्यांमध्ये खालच्या ओळींवर आहे. मी शिकले, शिक्षिका झाले. दादाची बारावी राहिली ती राहिली.

म्हणूनच रात्रशाळेत कुणी पहिल्या दोन महिन्यांत गळायला लागलं की मी आधी विचारायची, घरी किती ठरलंय? नेहमी नाही, पण पुष्कळदा उत्तर तिथे सापडायचं. ठरलेल्या रकमेचं गणित सरळ असतं. पगार कमी पडला की ओव्हरटाइम, ओव्हरटाइम केला की पहिले दोन तास बुडतात, ते बुडाले की इंग्रजी आणि गणित जातं, कारण वेळापत्रकात तेच आधी असतं. परीक्षेच्या महिन्यात रजा घ्यावी तर पगार कापला जातो आणि घरचे पैसे मात्र पुरे द्यावे लागतात. खानावळीत निदान खाडा धरत होते.

कायद्यानं या मुलांच्या तासांचा विचार केलेला आहे. बाल व किशोरवयीन कामगारांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. तो लागू होतो त्या इतर कामांवरही विश्रांती धरून दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे, सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम नाही आणि ओव्हरटाइम तर नाहीच. मालक हे पाळत नाहीत म्हणून आपण ओरडतो, ते बरोबरच आहे. पण घरातला दर सहा तासांच्या पगारात बसत नसेल, तर मुलाला सातव्या आणि आठव्या तासाला ढकलणारे आपणही आहोत.

मुलाला खाऊ घालणं हा उपकार नव्हे, हेही कायद्यानं कधीच सांगून ठेवलंय. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. त्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचा निर्वाह आईवडिलांवर आहे, आणि निर्वाह या शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी यांच्याबरोबर शिक्षणही घातलेलं आहे. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर निभावू शकत नसेल तर अठरानंतरही ही जबाबदारी सुटत नाही. आयकरातसुद्धा अज्ञान मुलाच्या नावावरचं व्याज आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, पण त्यानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कसबानं मिळवलेले पैसे मिळवत नाहीत. ते त्याचे म्हणूनच धरतात. मुलगा कॉलेजात असेपर्यंत अठराची रेषा पाळून दुसऱ्या दिवसापासून दर लावायचा, हे मला पटत नाही. बारावीचा पेपर देणारा मुलगा वाढदिवसाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी तोच असतो.

आणि शासन काय करतं ते पाहा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, त्यातले ३२,००० जेवणाचे. म्हणजे शिकणाऱ्याला जेवू घालणं हे इथे समाजाचं काम मानलंय. लोकांच्या करातून त्याच्या ताटाचे पैसे निघतात, आणि ते निघावेत म्हणून चळवळींनी पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला. पुण्यात एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, परक्याच्या घरी आठवड्यातून एक दिवस. त्या घरांनीही कुणाकडून दर घेतला नव्हता.

परदेशात राहणारे आपले लोक सांगतात की तिकडे मुलं कमवायला लागली की घरात राहण्या-जेवण्याचे पैसे देतात, म्हणून ती स्वावलंबी होतात. ब्रिटनमध्ये अशी रीत पुष्कळ घरांत आहे. पण तिकडेच मुलाच्या संगोपनासाठी सरकार आईवडिलांना जो भत्ता देतं, तो मान्यताप्राप्त शिक्षण चालू असेल तर मुलाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो. तिथल्या सरकारच्या हिशेबात शिकणारं मूल हे सांभाळायचंच मूल आहे. रीत उचलायची तर तिच्यासोबतचा भत्ताही लक्षात घ्यावा.

आता पैशाच्या किमतीविषयी. हा मुद्दा मी हलका धरत नाही. पोराच्या पायात चार हजारांचे बूट, मोबाईलचा हप्ता चालू, आणि आई भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतेय, हे बघून आईवडिलांचा जीव जळतो. तो जळायलाच हवा. पण त्यावर जेवणाचा दर हा उपाय नाही. त्याला स्वतःचा खर्च उचलायला लावा. पास, रिचार्ज, कपडे, मित्रांबरोबरचं खाणं, मोबाईलचा हप्ता, आणि जमेल तेवढी फीसुद्धा त्याची त्यानं भरावी. यातून पैशाची किंमत जितकी कळते तितकी ताटाच्या दरातून कळत नाही, कारण इथे प्रत्येक रुपया कशावर गेला हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. काही आईवडील आणखी एक युक्ती करतात. मुलाकडून दर महिन्याला जेवणाचे म्हणून पैसे घेतात, गुपचूप बाजूला ठेवतात आणि शिक्षण संपल्यावर हातात देतात. हेतू चांगला, मला त्यांचं कौतुकही वाटतं. पण तीन-चार वर्षं मुलाला वाटत राहतं की आपण या घरात पैसे भरून राहतो. ती वर्षं नंतर परत देता येत नाहीत. त्यापेक्षा त्याला हाताला धरून पोस्टात न्या. आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, दहा वर्षांपुढचं मूल स्वतःच्या सहीनं खातं चालवू शकतं. पासबुकात त्याचं नाव त्याला दिसू दे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघतंच. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांनी शिकवलं, मग मुलाकडून जेवणाचे पैसे घेण्यात वावगं काय, असं मला सहकाऱ्यांनीही विचारलंय. भाऊरावांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह उघडलं, १९२७ ला गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. त्या वसतिगृहातली मुलं राबत होती, शेतात, स्वयंपाकात, बांधकामावर. पण त्याच वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकायला काढलं, हेही आपण विसरायचं नाही. त्या माउलीनं मुलांचं ताट थांबू दिलं नाही. कुणी किती तास राबलं आणि कुणाच्या वाट्याला किती भाकरी, असा हिशेब तिथे नव्हता. काम शिक्षणासाठी होतं, शाळेच्या वेळा सांभाळून होतं. दर लावणाऱ्या घरात शाळा कामाच्या वेळा सांभाळते.

मुलींचं तर आणखी वेगळं आहे. टाचण्यांवाली माझी विद्यार्थिनी पहाटे पाचला उठून पाणी भरायची, कारण पाणी तेव्हाच यायचं. रात्री दहाला घरी पोचून भांडी घासायची. तिचा भाऊ तिच्यापेक्षा मोठा, तोही कमावता. त्याला आकडा नव्हता, त्याला भांडी नव्हती. मुलीच्या कष्टांची मजुरी लावायला बसलो तर किती मुली घराचं देणं लागतील? मला वाटतं, घरच त्यांचं देणं लागेल. कित्येक घरांत तर मुलीच्या पगारातलं बाजूला पडतं ते तिच्या लग्नासाठी, आणि तिला विचारून नाही. म्हणून ज्या घरात कमावत्या मुलांकडून काहीही घ्यायचं ठरतं, तिथे मी पहिल्यांदा विचारीन की भावाकडून किती, आणि भांडी कोण घासतं.

एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करते. नावापुरती ॲडमिशन घेऊन दोन वर्षं वर्गात न फिरकणारा मुलगा शिकतोय असं मी म्हणणार नाही. शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी घरात एक पैसा न देणारा मुलगाही मला पटत नाही. त्यानं बरोबरीनं वाटा उचलावा. आणि ज्या घरात खरीच ओढ आहे, वडील आजारी आहेत, भाडं थकलंय, तिथे शिकत्या मुलानंही हातभार लावावा. त्या हातभारानं मूल लहान होत नाही, उलट घरातलं त्याचं स्थान वाढतं. फक्त त्याला घराचा सगळा हिशेब दाखवा. येतं किती, जातं किती, तूट किती. तुझे दोन हजार भाड्यात घालतोय, बाबा कामावर परत जाईपर्यंत, असं त्याला सांगा. आणि तुझी फी, तुझा पास, तुझी पुस्तकं यातून आधी बाजूला काढ, मग उरेल त्यातलं दे, हेही सांगा. माझ्या दादाला १९८२ साली कुणी हे एवढं सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या कामातले साठ-सत्तर रुपये त्यानं आनंदानं दिले असते आणि सकाळी कॉलेजला गेला असता. घर उरलेल्या ऐंशीवाचून बुडालं नसतं. त्या वह्या मी पुन्हा पुन्हा चाळल्या आहेत, म्हणून सांगते.

त्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावून घेतलं. बाई कामावरून सरळ आल्या होत्या, पदरानं तोंड पुसत बसल्या. मी चार हजारांचं काढताच त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. “बाई, लेकीला जेवायला घालायचे पैसे घेईन का मी? खोलीचं भाडं आहे हो ते. तिला सांगायला लाज वाटली, म्हणून जेवणाचे म्हटलं.” मुलगी मान वर करून आईकडे बघायला लागली. तिला भाडं किती आहे हेच माहीत नव्हतं, आणि आईला बोर्डाच्या फॉर्मला तारीख असते हे माहीत नव्हतं.

शिक्षकखोलीतल्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. मुलीनं भूगोलाची वही काढली, शेवटच्या पानाच्या अलीकडचं कोरं पान उघडलं. आई आकडे सांगत गेली, ती लिहीत गेली. भाडं, वीज, गॅस, भावाचे किती, कुठे थकलंय ते. भावाच्या नावापुढे काही नव्हतं, तिथे आई जरा थांबली आणि म्हणाली, “लिही, दीड हजार. मी बोलते त्याच्याशी.” मग वही स्वतःकडे ओढून तिनं पानाच्या अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “तुझा तो फॉर्म इथे लिहायचा ना?”